कमानीला बर्फाचे वेष्टण

रेल्वेच्या रुळांमध्ये फटी का ठेवतात, हे आपण वर्गात नेहमी सांगतो. पण जिथे फट ठेवताच येत नाही, अशा बांधकामाचे काय?

अमेरिकेत सेंट लुइस येथे मिसिसिपी नदीवर जेम्स ईड्स यांनी बांधलेला पूल १८७४ मध्ये खुला झाला. त्याला पोलादी नळ्यांच्या तीन कमानी आहेत. मधली ५२० फुटांची, बाजूच्या ५०२ फुटांच्या. वर रस्ता, खाली रेल्वे. मोठ्या पुलासाठी पोलाद तेव्हा नवखे होते, आणि ईड्सही! तेराव्या वर्षी शाळा सुटलेल्या या माणसाने त्यापूर्वी एकही पूल बांधला नव्हता.

कमानीवर भार आला की ती दोन्ही टोकांना बाहेर रेटते आणि दगडी खांब तो रेटा पेलतात. इथे तर कमानीची टोके खांबांत पक्की जखडलेली आहेत. उन्हाने पोलाद वाढले तर ते बाजूला सरकू शकत नाही. म्हणून कमानीचा माथा वर उचलला जातो आणि थंडीत खाली येतो. अर्थात, हे कमान पूर्ण झाल्यावर.

नदीत बोटींची वर्दळ होती, त्यामुळे खालून आधाराचा सांगाडा उभारणे शक्य नव्हते. म्हणून दोन खांबांकडून अर्धी अर्धी कमान अधांतरी पुढे नेली. तिला वरून तारदोरांनी ओढून धरले. सप्टेंबर १८७३ मध्ये पहिली कमान सांधायची वेळ आली, तेव्हा कडक ऊन होते. आता गणित करून पाहा. पोलाद दर अंश सेल्सिअसला लांबीच्या लाखात सुमारे १.२ भाग वाढते. लांबी १५० मीटर, तापमान १० अंशांनी जास्त. म्हणजे वाढ १८ मिलिमीटर. शेवटची नळी मधल्या जागेत बसेना!

इकडे कर्जाचा पुढचा हप्ता कमान मुदतीत जुळण्यावर अवलंबून होता. नळ्यांना गोणपाट गुंडाळून त्यात बर्फ भरला. कमान आखडली, पण पुरेशी नाही.

बर्फाची गोष्ट सगळे सांगतात; आम्हांला मात्र पुढचा भाग अधिक मोलाचा वाटतो. ईड्स यांनी आटे पाडलेल्या खास जोडनळ्या आधीच तयार ठेवल्या होत्या. नळी आखूड करून जागेवर बसवायची आणि आटे फिरवून हवी तेवढी लांब करायची. ईड्स स्वतः तेव्हा लंडनमध्ये होते. १७ सप्टेंबरला कमान सांधली गेली आणि त्यांना तार गेली.

या पुलावरून १९७४ पर्यंत आगगाड्या गेल्या. १९९३ पासून शहरी रेल्वे धावते.