कासवाची गती : विनोदी अद्भुतिकेच्या आकर्षणाविषयी

अद्भुताला वाचकाचा विश्वास हवा असतो आणि हसणारा वाचक तो काढून घेतो, असा समज समीक्षेत दीर्घकाळ वावरत आला आहे. भरतानेही अद्भुताची उत्पत्ती वीरापासून आणि हास्याची शृंगारापासून सांगितली. दोहोंची सोयरीक त्याने जुळविलेली नाही. साहजिकच विनोदी अद्भुतिका किंवा विज्ञानकादंबरी प्रथम हाती घेणारा अभ्यासक विडंबनाच्या अपेक्षेने वाचू लागतो. त्याला आढळते ते वेगळेच. कल्पित विश्वाचे नियम येथे कसोशीने पाळलेले असतात आणि विनोद त्या कसोशीतूनच निष्पन्न होतो.

डग्लस ॲडम्स यांच्या, १९७८ मधील नभोनाट्यमालिकेतून उद्भवलेल्या ‘द हिचहायकर्स गाइड टू द गॅलक्सी’ (१९७९) या कादंबरीत एका गृहस्थाचे घर वळणरस्त्यासाठी पाडले जाणार असते. त्याच दिवशी पृथ्वीही अंतराळातील वळणरस्त्यासाठी नष्ट केली जाते. आराखडे रीतसर प्रसिद्ध झालेले होते, हे सरकारी उत्तर दोन्हीकडे सारखेच. प्रमाण बदलते, कारकुनी तर्क बदलत नाही.

टेरी प्रॅचेट यांच्या ‘डिस्कवर्ल्ड’ मालेचे (१९८३–२०१५, एकूण ४१ कादंबऱ्या) प्रकरण भारतीय वाचकाला अधिक निकटचे आहे. हे विश्व थाळीसारखे सपाट असून ते चार हत्तींच्या पाठीवर आणि हत्ती एका महाकाय कासवाच्या पाठीवर उभे आहेत. वाल्मीकींच्या बालकांडात सगरपुत्रांना पृथ्वी तोलणारे चार दिग्गज भेटतात. कूर्म मंदराचलाला आधार देतो. हत्ती आणि कासव यांची सलग उतरंड मात्र मुख्यतः युरोपीय वृत्तांतांतून प्रसिद्ध झाली. जॉन लॉकने १६९० च्या आपल्या निबंधात ती एका अनाम भारतीयाच्या तोंडी घातली, ती ‘द्रव्य’ या संकल्पनेची पोकळी दाखविण्यासाठी. कासवाखाली काय, या प्रश्नावर तो भारतीय ‘काहीतरी, पण काय ते ठाऊक नाही’ असे उत्तर देतो. दुसऱ्याच्या अज्ञानाचा असा दृष्टान्त करणे तत्त्वज्ञानाला नेहमीच सोयीचे गेले आहे. प्रॅचेट यांच्याकडे तीच उतरंड भूगोल ठरते, आणि लॉकचा प्रश्न उरतच नाही : कासव अवकाशात पोहत असते.

‘स्मॉल गॉड्स’ (१९९२) या कादंबरीत या भूगोलाला नैतिक धार येते. ओम्निया येथील धर्मपीठाच्या मते जग गोल आहे. ते कासवावर आहे असे म्हणणारे पाखंडी ठरतात आणि छळले जातात. गॅलिलिओची कथा येथे उलटी केली आहे. विज्ञानाच्या बाजूने असलेल्या वाचकाला ‘गोल’ म्हणणाऱ्यांचा तिटकारा येऊ लागतो, ही या कादंबरीची खरी किमया. उपहास मताचा नसून मत लादणाऱ्या यंत्रणेचा आहे, हे त्याला हसता हसताच उमगते. त्या धर्माचा देव स्वतः लहानशा कासवाच्या देहात अडकला आहे, कारण देवांचे सामर्थ्य श्रद्धेवर अवलंबून, आणि लाखो अनुयायांत खरी श्रद्धा उरली आहे ती ब्रुथा नावाच्या एका साध्याभोळ्या उमेदवार साधकापाशी. बाकीचे भितात ते धर्मपीठाला.

दिडॅक्टिलोस या अंध तत्त्वज्ञाला आपले मत मागे घेण्यास फर्माविले जाते, तेव्हा तो हुतात्मा होण्याचे नाकारतो. जग हवे तसे गोल असो, म्हणून तात्काळ मान्यता देतो. श्रोते खट्टू होतात. मग जाता जाता तो वळतो आणि हातातला कंदील धर्माधिकाऱ्यावर भिरकावतो.