काळी, तांबडी आणि पाण्याचा हिशेब

मे महिन्यात मंगळवेढ्याच्या शिवारात काळ्या रानाला अशा भेगा पडतात की त्यांत हात कोपरापर्यंत जातो. तिथून सह्याद्री ओलांडून रत्नागिरीच्या सड्यावर जावे, तर पायाखाली तांबडा, भोकाभोकांचा जांभा. इकडे रब्बीची ज्वारी, तिकडे हापूस. या दोन जमिनींचे एकमेकींशी काही नाते असेल असे पाहणाऱ्याच्या मनातही येत नाही. प्रत्यक्षात दोघींचा मूळ खडक एकच आहे: सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी दख्खनवर थरावर थर पसरलेल्या लाव्हाचा काळा पाषाण, म्हणजे बेसाल्ट.

मग एकाच दगडातून इतकी वेगळी माती कशी निघाली? उत्तर बव्हंशी पाण्यात आहे. पाऊस किती पडला, त्यातले किती पाणी खडकातून झिरपून निघून गेले आणि किती तिथेच अडून राहिले, यावर मातीचा रंग, पोत आणि स्वभाव ठरला.

माती म्हणजे खडकाचा चुरा, ही समजूत एकोणिसाव्या शतकापर्यंत रूढ होती. रशियाच्या काळ्या मातीचा अभ्यास करणाऱ्या वासिली दोकुचायेव यांनी १८८३ मध्ये दाखवून दिले की माती ही स्वतंत्र नैसर्गिक वस्तू आहे. हवामान, सजीव, जमिनीचा उतार, मूळ खडक आणि काळ हे सगळे मिळून ती घडवतात. हान्स जेनी या शास्त्रज्ञाने १९४१ मध्ये याच पाच घटकांची नीट मांडणी केली.

हे घडणे पाहायचे असेल तर नव्याने खणलेल्या विहिरीत डोकवावे. वर काळी माती, तिच्याखाली चुनखडीचे खडे मिसळलेला फिकट थर, मग मुरूम, मग मांजऱ्या आणि तळाशी अखंड कातळ. कातळ वरून खाली कुजत जातो. पावसाचे पाणी हवेतला आणि मुळांनी सोडलेला कार्बन डायऑक्साइड शोषून सौम्य आम्ल बनते. ते बेसाल्टमधल्या खनिजांतून कॅल्शियम, मॅग्नेशियम, सोडियम आणि सिलिका विरघळवून काढते. उरलेल्या घटकांची पुन्हा जुळणी होऊन चिकणमातीचे सूक्ष्म कण तयार होतात. घाटात रस्त्याच्या कापात मुरमामध्ये जे गोल धोंडे दिसतात, ते याच कुजण्यातून अजून वाचलेले गाभे. एक सेंटिमीटर माती व्हायला शेकडो वर्षे लागतात, कुठे हजारही.

कोकणात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. एवढे पाणी लाखो वर्षे झिरपत राहिले की विरघळणारे सगळे समुद्राला जाते. सिलिकाही टिकत नाही. मागे राहतात लोह आणि ॲल्युमिनियम यांची हट्टी संयुगे, आणि त्यांचाच घट्ट थर म्हणजे जांभा. फ्रान्सिस ब्यूकॅनन याने मलबारात हा दगड पाहिला. खाणीत तो मऊ असतो, विटांसारखा कापता येतो आणि उघड्या हवेत कडक होतो, हे पाहून त्याने १८०७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रवासवर्णनात त्याला ‘लॅटराइट’ म्हटले. कोकणातल्या चिरेखाणींत आजही तोच गुण कामी येतो.

अशा धुऊन गेलेल्या जमिनीवर जगणाऱ्या वनस्पतींना वेगळी युक्ती लागते. साताऱ्याजवळच्या कासच्या पठारावर जांभ्याच्या कातळावर मातीचा थर अनेक ठिकाणी जेमतेम काही सेंटिमीटर आहे आणि त्यात नायट्रोजन व फॉस्फरस अत्यल्प. तिथली ‘सीतेची आसवे’ ही निळी-जांभळी फुले नाजूक दिसतात खरी, पण ती वनस्पती मातीतल्या चिमुकल्या पिशव्यांत सूक्ष्म जीव ओढून घेते आणि पचवते. शेजारचा दवबिंदू पानांवरच्या चिकट थेंबांत कीटक पकडतो. कासचा फुलोरा पाहायला जाणाऱ्यांनी एकदा पायाखालची मातीही पाहावी, कारण माती समृद्ध असती तर उंच गवताने आणि झुडपांनी ही फुले केव्हाच झाकून टाकली असती.

घाटाच्या पूर्वेला पाऊस पाचशे-सातशे मिलिमीटरवर येतो. येथे सिलिका आणि कॅल्शियम पूर्ण वाहून जात नाहीत आणि त्यातून स्मेक्टाइट गटातील चिकणमाती टिकून राहते. काळ्या रानाचे सारे वागणे या खनिजाने ठरवले आहे. त्याचे कण पापुद्र्यांचे असतात. पापुद्र्यांमध्ये पाणी शिरले की माती फुगते, सुकली की आक्रसते. उन्हाळ्यात भेगा पडतात, वरची भुसभुशीत माती त्यांत ढासळते, पावसाळ्यात खालची माती फुगून वर रेटली जाते. नांगर न लावता हे रान स्वतःला हळूहळू उलथत असते. म्हणून इथे जुन्या घरांच्या भिंती तडकतात आणि कालवे उचलले जातात. आयआयटी मुंबईचे प्रा. आर. के. कट्टी यांनी त्यावर उपाय शोधला तो मुरमासारख्या न फुगणाऱ्या मातीचा जाड थर मध्ये घालण्याचा. गावकऱ्यांनाही ही खोड फार पूर्वीपासून ठाऊक होती: शेत काळीत, गावठाण पांढरीत.

काळ्या मातीचा रंग पाहून ती सेंद्रिय द्रव्याने भरलेली असेल असे वाटते. तसे नाही. बहुतेक काळ्या जमिनींत सेंद्रिय कर्ब एक टक्क्याहून कमी आहे. थोडे ह्युमस चिकणमातीला घट्ट बिलगलेले असते आणि त्यात बेसाल्टमधल्या लोह-टायटॅनियमच्या खनिजांची भर पडते, एवढ्याने तो रंग येतो. तिची खरी श्रीमंती ओल धरण्यात आहे. मीटरभर खोल काळ्या मातीत पिकाला मिळू शकेल असे दीडशे ते दोनशे मिलिमीटर पाणी साठते. परतीच्या पावसानंतर वाफसा आला की पेरलेली मालदांडी ज्वारी पुढे आभाळाकडे न पाहता याच साठ्यावर कणसात येते.

मात्र पावसाचा हिशेब इतका सरळ नाही. सह्याद्रीच्या माथ्यावर भीमाशंकरसारख्या धो-धो पावसाच्या भागातही स्मेक्टाइट तग धरून राहिलेले माती-शास्त्रज्ञांना सापडले. कारण निघाले झिओलाइट. पुण्या-जळगावच्या खाणींतून निघणारे हे पांढरे, गुलाबी स्फटिक संग्राहकांना परिचित आहेत. बेसाल्टच्या पोकळ्यांतले हे खनिज सावकाश कॅल्शियम सोडत राहते आणि धुऊन जाणाऱ्या मातीला पुन्हा पुन्हा भर घालते. दुसरी गोष्ट अशी की खोल काळी माती बऱ्याच ठिकाणी जागेवर घडलेली नाही. ती चढावरून वाहून आली आणि खोलगटात, नदीकाठी साचली. एकाच शेताच्या वरच्या अंगाला बरड आणि खालच्या अंगाला भारी जमीन असते ती त्यामुळेच.

या सगळ्यात सजीवांचा वाटा लहान नाही. चार्ल्स डार्विनने १८८१ मध्ये अख्खे पुस्तक गांडुळांच्या मातीकामावर लिहिले. आपल्याकडच्या कोरड्या मुलखात तेच काम मोठ्या प्रमाणावर वाळवी करते. ती खोलातली चिकणमाती वर आणून वारुळे रचते आणि त्यात पालापाचोळ्यावर बुरशी वाढवते. पावसाच्या सुरुवातीला वारुळाजवळ उगवणारी आळंबी हे त्याच बुरशीचे फळ. तुरीच्या मुळांवरच्या गाठींतले जिवाणू हवेतला नायट्रोजन बांधतात. पहिल्या पावसाचा मृद्गंध मुख्यतः स्ट्रेप्टोमायसिस जिवाणूंच्या जिओस्मिन या संयुगाचा. त्या वासाने मातीतले इवले स्प्रिंगटेल ओढले जातात आणि जिवाणूंचे बीजाणू दूर नेतात, असे २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसले.

पाण्याने घडवलेली ही माती पाण्यानेच बिघडते, आणि त्याचा एक जुना धडा नीरेच्या खोऱ्यात आहे. नीरा डावा कालवा १८८५ मध्ये सुरू झाला. ऊस आला, पैसा आला, पण भूजलाची पातळी चढत गेली. काळ्या मातीतून पाणी सहज निचरत नाही. वर आलेले पाणी उन्हाने उडून जाते आणि त्यातले क्षार मागे उरतात. मग चिकणमातीला बिलगलेल्या कॅल्शियमची जागा सोडियम घेतो, कण सुटे होऊन छिद्रे बुजतात आणि जमीन चोपण होते. पुण्याच्या कृषी महाविद्यालयाचे हॅरल्ड मान आणि व्ही. ए. ताम्हाणे यांनी १९१० मध्येच नीरा खोऱ्यातल्या या क्षारपड जमिनींवर अहवाल लिहिला होता. तरीही सांगली-कोल्हापूरच्या कृष्णाकाठी पुढे तेच घडले, याची खंत वाटते.

चोपण जमिनीत जिप्सम घातले की कॅल्शियम परत मिळतो, पण सुटलेल्या सोडियमला बाहेर जायला वाट लागते. शिरोळ तालुक्यात शेतकरी त्यासाठी जमिनीखाली सच्छिद्र पाइपांचे जाळे टाकत आहेत. खारे पाणी पाइपांतून मुख्य नळात आणि तिथून ओढ्याला जाते. एकट्याच्या शेतात हे जमत नाही. वरच्या रानाचे पाणी खालच्यांच्या बांधातून न्यावे लागते, म्हणून शेजारच्या सगळ्या खातेदारांना आधी एकत्र बसून नळाची वाट ठरवावी लागते.