छोटा ऑक्टोपस घरी पाळावा का?

खाऱ्या पाण्याच्या फिशटँकवर हात बसला की अनेक हौशी मंडळींना ऑक्टोपसचे वेध लागतात. अमेरिकेत या छंदात छोट्या जातींना पसंती असते: दक्षिण कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावरचा, डोळ्यांखाली निळी वर्तुळं असलेला ‘बायमॅक’, किंवा कॅरिबियन समुद्रातला तळहातावर मावणारा बुटका ऑक्टोपस. प्राणी लहान, म्हणजे जागा कमी आणि व्यापही कमी, असा यामागचा हिशेब. तो मुळातच चुकतो असं मला वाटतं. प्राण्याची गरज लांबीवरून ठरत नाही, त्याच्या शरीराला आणि मेंदूला काय लागतं यावरून ठरते.

आधी शरीराचं पाहू. ऑक्टोपस खेकडे, कोळंबी, शिंपले असा आहार घेतो, भरपूर खातो आणि तितकीच घाण करतो. त्यातून तयार होणारा अमोनिया पचवणारे जीवाणू टाकीत आधी रुजावे लागतात, आणि त्याला काही महिने जातात. म्हणूनच जाणकार एका बायमॅकसाठीही साधारण २०० लिटरची जुनी, स्थिरावलेली टाकी सुचवतात. त्याच्या रक्तात प्राणवायू वाहून नेतं ते तांबेयुक्त प्रथिन, पण पाण्यात तांब्याचा अंश उतरला तर तोच त्याच्या जिवावर उठतो. माशांच्या रोगांवरची बरीच औषधं त्यामुळे बाद होतात. अंगात हाड नाही, कठीण अशी फक्त एक चोच. जिथून चोच निघते तिथून अख्खा प्राणी निसटतो. न्यूझीलंडमधल्या नेपियरच्या राष्ट्रीय मत्स्यालयातून २०१६ साली निसटलेला ‘इंकी’ किंचित उघड्या राहिलेल्या झाकणातून बाहेर आला, जमिनीवरून सरपटत गेला आणि सांडपाण्याच्या नळीतून थेट समुद्रात पोहोचला. हे तज्ज्ञांच्या देखरेखीखाली घडलं, हे विसरू नये.

मेंदूची गरज याहून अवघड आहे. सामान्य ऑक्टोपसाच्या शरीरात सुमारे ५० कोटी चेतापेशी असतात आणि त्यांपैकी बहुतांश त्याच्या भुजांमध्ये असतात. १९९० च्या दशकात सिएटलच्या मत्स्यालयात जेनिफर मॅथर आणि रोलँड अँडरसन यांनी आठ ऑक्टोपसांच्या टाक्यांत औषधाची रिकामी बाटली तरंगत सोडली. त्यांतल्या दोघांनी आपल्या शरीरातल्या नळीतून पाण्याचा झोत मारून ती प्रवाहाकडे ढकलली. प्रवाहाने ती परत आणली, की पुन्हा ढकलली. भूक भागवायची नाही, घर बांधायचं नाही, तरी हे चालू राहिलं. याला खेळ म्हणावं लागतं. ब्रिटनने २०२२ च्या प्राणी-संवेदना कायद्यात ऑक्टोपसांना सामावून घेतलं, तेही अशाच संचित पुराव्याच्या आधारावर. अशा प्राण्याला चार काचांत नुसतं जिवंत ठेवणं म्हणजे सांभाळणं नव्हे.

यावर दोन आक्षेप येतात. पहिला असा, की मन लावून सांभाळणारा माणूस झाकणबंद बरण्या, कोडी, जिवंत भक्ष्य देऊन त्याला गुंतवून ठेवू शकतो. हे खरं आहे. पण बायमॅकचं आयुष्य जेमतेम एक-दीड वर्षाचं, बुटक्या जातींचं त्याहून कमी. अंडी घातल्यावर मादी हळूहळू खाणं सोडते आणि मरते. जेरोम वोडिन्स्की यांनी १९७७ साली दाखवलं, की डोळ्यांजवळच्या ग्रंथी काढल्या तर ती पुन्हा खाऊ लागते. म्हणजे हा शेवट तिच्या शरीरातच ठरलेला असतो, उत्तम निगेने तो टळत नाही. छंद चालू ठेवायचा तर दर वर्षी नवा प्राणी हवा, आणि तो बहुधा समुद्रातूनच पकडून आणलेला, वय ठाऊक नसलेला असतो. दुसरा आक्षेप: मग टाकीतच पैदास करावी. बायमॅकची अंडी मोठी असल्याने पिल्लं जन्मताच तळावर वावरतात, त्यामुळे हे शक्य आहे. पण ती एकमेकांना खातात, म्हणून प्रत्येकाची वेगळी सोय आणि बारीक जिवंत खाद्य लागतं. अनेक जातींची पिल्लं तर सुरुवातीला पाण्यात तरंगत जगतात, त्यांना वाढवणं फारच कठीण.

म्हणून टाकीत जन्मलेला प्राणी, पूर्ण तयारी आणि रोजचा वेळ, हे तिन्ही असतील तरच याचा विचार व्हावा. एकही कमी असेल तर नको. कुतूहलाला मात्र वाट आहे. आपल्या खडकाळ किनाऱ्यांवर ओहोटीच्या डबक्यांत ऑक्टोपस आढळतात. तिथे जाऊन, हात न लावता, त्यांच्या घरी त्यांना पाहावं. आपल्याला त्यांची हुशारीच पाहायची असेल, तर ती मोकळ्या समुद्रातच पुरती दिसते.