वजन कशासाठी? ट्राऊटच्या निम्फ माशीबद्दलचे गैरसमज

मासे पकडायला गळावर बांधलेली कृत्रिम माशी म्हणजे पाण्यावर अलगद उतरून तरंगणारा पिसांचा झुबका, अशी समजूत सगळीकडे आहे. त्यामुळे मणी ओवलेली, तार गुंडाळलेली, टाकल्याबरोबर बुडणारी निम्फ माशी दाखवली की अनेकांना ती फसवणूक वाटते किंवा निव्वळ शिशाची गोळी वाटते. खरं तर किड्यांचं आयुष्य पाहिलं तर तरंगणारी माशीच अपवाद ठरते. मे-माशी पंख फुटल्यावर काही तास, फार तर दोन-तीन दिवस जगते. त्याआधीचे कित्येक महिने तिने निम्फच्या, म्हणजे पंख फुटण्याआधीच्या किड्याच्या रूपात नदीच्या तळाशी दगडांना चिकटून काढलेले असतात. वाशीम जिल्ह्यातल्या शेलूबाजारच्या वाचकाला यासाठी दूर जायला नको. पावसाळा सरताना शेतांवर घिरट्या घालणारा चतुर हा पाण्यात सुरू झालेल्या आयुष्याचा शेवटचा टप्पा असतो. पाण्यात दबा धरून बसलेला त्याचा निम्फ माशांना सहज मिळू शकतो, पंखवाला चतुर क्वचितच. ट्राऊट या थंड पाण्यातल्या माशाचंही तसंच आहे. पृष्ठभागावर उठणारी वलयं आपल्याला दिसतात म्हणून मासा वरच खातो असं वाटतं. खाली चाललेलं खाणं दिसत नाही, एवढाच फरक.

हे मान्य व्हायला इंग्लंडमध्ये काही दशकं लागली. फ्रेडरिक हॅल्फर्डच्या १८८६ च्या पुस्तकाने तरंगत्या माशीला जवळजवळ धर्माचं स्थान दिलं होतं. व्यवसायाने वकील असलेल्या जी. ई. एम. स्क्यूज यांनी मारलेल्या ट्राऊटच्या पोटातलं अन्न लांबट चमच्याने काढून बशीतल्या पाण्यात पसरून पाहिलं, आणि त्यात निम्फच निम्फ आढळले. १९१० मध्ये त्यांनी बुडत्या माशीची बाजू पुस्तकातून मांडली, तरी विरोध शमला नाही. १९३८ मध्ये लंडनच्या फ्लायफिशर्स क्लबात या पद्धतीच्या योग्यायोग्यतेवर खास चर्चा झाली. खाली माशी सोडली की काहीही हाती लागतं, लहान मासे जखमी होतात, कौशल्य उरत नाही, असे विरोधकांचे आक्षेप होते. लहान माशांचा मुद्दा खोटा नाही. पण त्यावर उतारा बिनकाट्याच्या गळाचा आणि मासा ओल्या हाताने लगेच सोडण्याचा आहे, माशी तरंगती ठेवण्याचा नाही. कौशल्याचा आक्षेप मात्र मला उलटाच वाटतो. तरंगती माशी मासा घेतो तेव्हा ते डोळ्यांना दिसतं. बुडती माशी घेतल्याची खूण म्हणजे तंगूस क्षणभर थबकणं, आणि तेही पाहायला शिकावं लागतं.

मग वजनाचं खरं काम कोणतं? ‘जितकं जड तितकं चांगलं’ हा दुसरा गैरसमज इथूनच उगवतो. वाहत्या पाण्याचा वेग सगळ्या थरांत सारखा नसतो. तळाच्या दगडगोट्यांशी घर्षण होऊन तिथलं पाणी बरंच हळू वाहतं, वरचं वेगाने पळतं. ट्राऊट याच मंद थरात थांबतो, कारण तिथे कमी श्रमात जागेवर राहता येतं आणि अन्न समोरून वाहत येतं. निम्फ खरोखरच असे वाहत येतात. जपानमध्ये तानाका यांनी १९६० मध्ये आणि अमेरिकेत थॉमस वॉटर्स यांनी १९६२ मध्ये दाखवून दिलं की तळाचे किडे ओघाबरोबर वाहतात आणि अंधार पडल्यावर त्यांचं प्रमाण वाढतं. म्हणजे माशीला दोन गोष्टी साधायच्या असतात: त्या थरापर्यंत पोचणं, आणि तिथे पोचल्यावर तिथल्याच पाण्याच्या चालीने जाणं. वजन पहिली गोष्ट साधतं आणि प्रमाणाबाहेर गेलं तर दुसरी बिघडवतं. फार जड माशी तळाला अडकते, नाहीतर दगडांवरून ओढली जाते. उलट हलक्या माशीला वरच्या वेगवान थरातला तंगूस पुढे खेचतो आणि तिला खाली जाऊच देत नाही. म्हणून जाणकार वजन वाढवण्याआधी तंगूस बारीक करतात. जाड तंगूस पाण्याला जास्त अडतो, आणि मण्याने कमावलेली खोली तो गमावतो. माशीच्या अंगाचाही इथे वाटा आहे. तेवढंच वजन सडपातळ अंगात असलं तर ती झपकन बुडते, केसाळ अंगात असलं तर रेंगाळते. टंगस्टनच्या मण्यांना मागणी आहे तीही यामुळेच. टंगस्टनची घनता घन सेंटिमीटरमागे १९.३ ग्रॅम, शिशाची ११.३ आणि पितळेची साधारण ८.५. त्यामुळे पितळेच्या दुपटीहून जास्त वजन तेवढ्याच छोट्या मण्यात मावतं आणि माशी बारीक राहते.

माशी म्हणजे किड्याची हुबेहूब प्रतिमा हवी, हा गैरसमज बांधणाऱ्यांना सर्वांत जास्त छळतो. इंग्लंडमध्ये एव्हन नदीची राखण करणारे फ्रँक सॉयर यांची फेझंट पक्ष्याच्या शेपटीच्या पिसाची निम्फ जगभर वापरली जाते, आणि तिला पायच नाहीत. पोहताना खरा निम्फ पाय अंगाशी मिटून घेतो, असं त्यांचं निरीक्षण होतं. त्यांची पद्धत १९५८ च्या त्यांच्या पुस्तकातून पसरली. त्यांनी बांधायला धाग्याऐवजी तांब्याची बारीक तार वापरली. तीच बांधणी, तेच वजन आणि तीच पिसातून डोकावणारी लालसर झाक. गळाच्या दांड्यावर छातीच्या जागी तारेचा फुगवटा करायचा, शेपटीसाठी पिसाची तीन-चार तुसं मागे सोडायची, उरलेली तुसं तारेभोवती पिळून अंग भरायचं, छातीवर दुमडून पाठ झाकायची आणि तारेनेच शेवट करायचा. ही तार परदेशातून मागवायला नको. जळालेल्या कृषिपंपाची मोटर जिथे पुन्हा भरली जाते, त्या वायंडिंगच्या दुकानात तशीच तार असते. पिसं कोंबड्याची चालतात. संथ, नितळ पाण्यातला मासा फार चोखंदळ असतो, मग रूपाला किंमत नाही असं कसं म्हणता, असं कोणी विचारेल. किंमत आहेच. तिथे आकारमान आणि रंगाची गडद-फिकी छटा जुळावीच लागते. पण चुकीच्या थरातून चुकीच्या वेगाने जाणारी अचूक प्रतिकृतीही तो सोडून देतो. सॉयर योग्य क्षणी काठीचं टोक हळूच उचलत. वर यायला निघालेल्या किड्याचा भास होई आणि मासा झडप घाली. उचलण्यासाठी माशी आधी खाली असावी लागते, आणि ते काम वजनाचं.

वजन म्हणजे शिसं, हेही समीकरण सोडायला हवं. तुटून पडलेले शिशाचे तुकडे हंस आणि इतर पाणपक्षी खड्यांसोबत गिळतात आणि विषबाधेने मरतात. ब्रिटनने १९८७ पासून मासेमारीच्या बहुतेक लहान शिशाच्या वजनांवर बंदी आणली ती याच कारणाने. आपल्या तलावांवर हिवाळ्यात उतरणाऱ्या बदकांनाही तोच धोका आहे.

शेवटचा गैरसमज आपल्या मुलखाचा: थंडीत वाशीमकडच्या रात्री गार असतात, तर अडाण नदीच्या पाण्यात ट्राऊट का सोडू नये? मासा सरासरी तापमानावर जगत नाही, सर्वांत वाईट आठवड्यावर मरतो. ट्राऊटला साधारण १० ते १८ अंशांचं पाणी मानवतं. विशीच्या वर त्याचं खाणं मंदावतं आणि पंचविशीच्या आसपास जीव धोक्यात येतो. शिवाय १० अंशांच्या पाण्यात लिटरमागे सुमारे ११.३ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळू शकतो, ३० अंशांच्या पाण्यात जेमतेम साडेसात. मे महिन्यात इथली हवाच चाळिशी ओलांडते. काश्मीरमध्ये १९०० साली स्कॉटलंडहून आलेल्या अंड्यांतून ट्राऊट रुजला, तो बर्फाच्या पाण्यावर. आणि समजा, एखाद्या थंड जागी तो जगलाच, तरी सोडावा का? ब्राऊन आणि रेनबो या दोन्ही ट्राऊटचा समावेश जगातल्या १०० सर्वांत घातक उपऱ्या प्रजातींच्या यादीत आहे. ज्याला बुडत्या माशीचं तत्त्व महाराष्ट्रातच पडताळायचं असेल, त्याने तळाशी चरणारा देशी मासा पाहावा. दख्खनी महासीरचं तोंड खालच्या बाजूला वळलेलं असतं. अभ्यासक सायक्स यांनी १८३९ मध्ये या माशाचं शास्त्रीय वर्णन केलं ते पुण्याच्या मुळा-मुठेतल्या नमुन्यांवरून, आणि लोणावळ्याच्या वळवण केंद्रात टाटांनी १९७० च्या दशकापासून त्याची पैदास केली आहे. मरळ माशाची गोष्ट वेगळी. ती हवा घ्यायला वर येते आणि काठच्या गवतातल्या बेडकावर झेपावते, तेव्हा तिच्यापुढे वजनदार निम्फ निरुपयोगी ठरते.