बेट नसलेले ‘ऱ्होड आयलंड’

‘आयलंड’ म्हणजे बेट. पण अमेरिकेतील ऱ्होड आयलंड या राज्याचा बहुतेक भाग मुख्य भूमीवरच आहे! पन्नास राज्यांत हे सर्वांत लहान. दक्षिणोत्तर लांबी जेमतेम ७७ किलोमीटर, पूर्व-पश्चिम रुंदी ६०. सकाळी न्याहारी करून मोटारीने निघालात, तर दुपारच्या जेवणाला राज्य ओलांडून परत याल. धर्मस्वातंत्र्याच्या इतिहासात मात्र या चिमुकल्या राज्याचे पान मोठे आहे. त्या पानाला एक काळी बाजूही आहे.

पाण्याने दुभंगलेली भूमी

पश्चिमेला कनेक्टिकट, उत्तरेला व पूर्वेला मॅसॅच्युसेट्स आणि दक्षिणेला अटलांटिक महासागर, अशा या राज्याच्या चतुःसीमा. नॅरागॅन्सेट उपसागर दक्षिणेकडून थेट आत घुसला आहे. त्यात तीसहून अधिक बेटे आहेत. सर्वांत मोठ्या अ‍ॅक्विडनेक बेटालाच गोऱ्यांनी ऱ्होड आयलंड हे नाव दिले आणि पुढे ते राज्याला चिकटले. खाड्यांचे व बेटांचे काठ मोजले तर किनारा सहाशे किलोमीटरहून अधिक भरतो. सर्वांत उंच टेकडी मात्र अडीचशे मीटरचीही नाही. जमीन थोडी, पण बंदरे सुरक्षित. त्यामुळे इथला माणूस समुद्राकडे वळला यात नवल नाही.

हद्दपाराची वसाहत

इंग्लंडमधील जाचाला कंटाळून प्युरिटन पंथीयांनी मॅसॅच्युसेट्स गाठले. पण सत्ता हाती येताच त्यांनाही दुसऱ्याचे मत सोसवेना. १६३१ मध्ये तेथे आलेला तरुण पाद्री रॉजर विल्यम्स उघड सांगू लागला, की माणसाच्या श्रद्धेवर सरकारची हुकमत चालणार नाही आणि मूळ रहिवाशांची जमीन परस्पर देऊन टाकण्याचा राजालाही अधिकार नाही. झाले! ऑक्टोबर १६३५ मध्ये त्याला हद्दपारीची शिक्षा झाली. आपल्याला पकडून इंग्लंडला पाठवणार, अशी कुणकुण लागताच जानेवारी १६३६ मध्ये भर हिमवर्षावात तो घराबाहेर पडला.

त्याला वाचवले ते वाम्पनोआग जमातीने. मूळ रहिवाशांची भाषा त्याने आधीच शिकून घेतली होती. पुढे नॅरागॅन्सेट जमातीचे प्रमुख कॅनोनिकस आणि मिआन्टोनोमी यांनी त्याला जमीन दिली. तेथे त्याने वसवलेल्या गावाचे नाव प्रॉव्हिडन्स, म्हणजे ईश्वरी कृपा. आज तीच राज्याची राजधानी आहे. गावाचा कारभार बहुमताने चाले, पण फक्त ऐहिक बाबतीत. देवाधर्माचे ज्याचे त्याने पाहावे!

मॅसॅच्युसेट्सने हाकललेली अ‍ॅन हचिन्सन आणि तिचे सोबती १६३८ मध्ये अ‍ॅक्विडनेक बेटावर आले. १६३९ मध्ये न्यूपोर्ट वसले. बॉस्टनमध्ये १६५९ ते १६६१ या काळात चार क्वेकरांना फाशी झाली. न्यूपोर्टमध्ये मात्र क्वेकर निर्धास्त राहत. १६६३ मध्ये राजा दुसरा चार्ल्स याने दिलेल्या सनदेत धर्ममताबद्दल कोणालाही त्रास होणार नाही, अशी हमी होती. ही सनद १८४३ पर्यंत राज्यघटनेसारखी चालली. न्यूपोर्टला १७६३ मध्ये उघडलेले ज्यूंचे प्रार्थनामंदिर आजही उभे आहे.

पानाची मागची बाजू

आता आश्रय देणाऱ्यांचे काय झाले ते पाहा. १६७५ मध्ये वसाहतवाले आणि मूळ रहिवासी यांच्यात युद्ध पेटले. त्या डिसेंबरात शेजारच्या वसाहतींच्या फौजेने नॅरागॅन्सेटांच्या दलदलीतील तटबंदीवर हल्ला केला. बायका-मुलांसह शेकडो माणसे मेली. मार्च १६७६ मध्ये मूळ रहिवाशांनी प्रॉव्हिडन्स जाळले. त्यात वृद्ध विल्यम्सचे घरही गेले. युद्ध संपल्यावर बंदिवानांना काही वर्षांच्या चाकरीसाठी विकण्यात आले. ही विक्री ठरवणाऱ्या समितीवर खुद्द विल्यम्स होता!

अठराव्या शतकात न्यूपोर्टच्या गलबतांनी रमची पिंपे आफ्रिकेला नेली आणि तेथून माणसे भरून आणली. या राज्यातून गुलामांच्या व्यापारासाठी नऊशेहून अधिक सफरी निघाल्या. लाखाहून अधिक आफ्रिकी माणसे त्या जहाजांत कोंबली गेली. कोणाला दहा वर्षांपेक्षा जास्त काळ राबवू नये, असा १६५२ चा नियम होता; तो कागदावरच राहिला.

१८८० मध्ये राज्याने नॅरागॅन्सेट जमातच बरखास्त केल्याचे जाहीर केले. जमात मात्र टिकून राहिली. १९८३ मध्ये केंद्र सरकारने तिला मान्यता दिली.

या राज्याचे अधिकृत नाव बराच काळ ‘ऱ्होड आयलंड अँड प्रॉव्हिडन्स प्लँटेशन्स’ असे होते. प्लँटेशन म्हणजे मुळात नुसती वसाहत. पण या शब्दाने अनेकांना गुलामांचे मळेच आठवत. २०१० मध्ये हा शब्द गाळण्याचा प्रस्ताव मतदारांनी फेटाळला. २०२० मध्ये त्यांनीच तो मंजूर केला. नावातले काही शब्द गळाले. पण हिमवर्षावात दार उघडणाऱ्यांचे ऋण त्याने थोडेच फिटते?