नदीकाठी एक कौलारू घर घ्यावे म्हणतो!

मुंबईच्या लोकलगाडीत तीस-पस्तीस वर्षे उभ्याने प्रवास केलेल्या माणसाला निवृत्ती जवळ आली की एक स्वप्न हटकून पडू लागते. कोकणात कुठेतरी एखादे शांत गाव असावे, गावाला वळसा घालून नदी जात असावी, काठावर चार माड, अंगणात तुळशीवृंदावन आणि डोक्यावर मंगलोरी कौले! सकाळी ऊन ऊन पेज, दुपारी वामकुक्षी आणि तिन्हीसांजेला पाण्यात पाय सोडून बसावयाचे. भविष्यनिर्वाह निधीचे पैसे हाती पडण्यापूर्वीच बिचाऱ्याने मनातल्या मनात ते घर घेऊन त्याला गेरूही लावलेला असतो.

स्वप्न वाईट नाही. परंतु आयुष्याची सारी पुंजी त्यात ओतावयाची तर डोळे उघडे ठेवूनच ते पाहिले पाहिजे. नेमक्या दिवाळीच्या सुट्टीत पुष्कळ मंडळी घरे बघण्यास निघतात. भाताची खाचरे पिवळी झालेली असतात, विहिरी भरलेल्या असतात, हवेत गारवा असतो आणि नदी तर अशी शहाण्यासारखी वाहत असते की तिच्यावर कोणताही आरोप करणे जिवावर यावे. दलाल सांगतो, ‘‘साहेब, ओटीवरून गळ टाकलात तर मासा वर!’’ वाचकहो, त्या वेळी मनात एकच प्रश्न यावयास हवा. ओटीवरून गळ नदीत पडतो, तर पावसाळ्यात नदी ओटीवर का येणार नाही?

कोकणातल्या नद्या लांबीने आखूड आणि उताराने तीव्र. सह्याद्रीच्या कड्यावर पडलेला पाऊस काही तासांत खाली उतरतो. त्याच वेळी समुद्राला भरती असेल तर खाडीचे पाणी पुराला वाट देत नाही, आणि मग ते आडवे पसरते. २२ जुलै २०२१ रोजी वाशिष्ठीने चिपळूणची बाजारपेठ बुडविली, सावित्रीने महाडला वेढले. २००५ च्या जुलैतही या दोन्ही गावांनी हेच भोगले होते. पुण्याच्या किंवा साताऱ्याच्या वाचकाने हे कोकणाचे दुखणे म्हणून सोडून देऊ नये. सांगलीच्या आयर्विन पुलापाशी कृष्णेची धोक्याची पातळी ४५ फूट. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५७ फुटांवर गेले होते.

जुन्या लोकांना हे ठाऊक होते. कोणत्याही जुन्या नदीकाठच्या गावात जाऊन पाहा. अगदी काठाला मळे, त्यावर खाचरे, त्याहून वर देऊळ आणि घरे. पाण्याशेजारची जागा त्यांनी पिकासाठी ठेवली, निजण्यासाठी नाही. म्हणून घर पाहताना शेजारच्या म्हातारीला विचारावे, ‘‘आजी, त्या साली पाणी कुठवर आलं होतं?’’ ती ज्या पायरीवर बोट ठेवील ती पायरी लक्षात ठेवावी. नदीच्या पूररेषा आखलेल्या असतील तर पाटबंधारे खात्याकडून त्या पाहून घ्याव्यात. निळी रेषा साधारण पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, तांबडी शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. मात्र शंभर वर्षांचा पूर म्हणजे उरलेली नव्व्याण्णव वर्षे निर्धास्त, असा हिशेब कोणी करू नये. नदीला पंचांग नसते.

आणि पाण्याला भिऊन डोंगराच्या कुशीत शिरावे, तर तेथेही पाहून शिरावे. २००५ मध्ये महाड तालुक्यातील जुई आणि दासगाव येथे दरडी कोसळल्या. २०२१ च्या त्याच २२ जुलैला तळिये येथे डोंगर खाली आला आणि ऐंशीहून अधिक माणसे गेली.

दुसरी गंमत अशी की, पावसाळ्यात इतके पाणी दाखविणारी नदी उन्हाळ्यात पाठ फिरविते. भरतीचे पाणी जेथवर चढते त्या टापूत कित्येक विहिरी एप्रिल-मे महिन्यांत मचूळ होतात, आणि त्याच्या वरच्या अंगाला अनेक नद्यांत नुसते गोटे उरतात. वाशिष्ठीसारखा अपवाद थोडा. कोयनेचे पाणी पोफळीच्या वीजघरातून तिच्यात उतरते, म्हणून ती बारमाही. तेव्हा घर दोनदा पाहावे. एकदा वैशाखात विहिरीचे पाणी चाखण्यासाठी, एकदा आषाढात नदीचे पाणी मोजण्यासाठी. दोन्ही परीक्षांत घर उतरले तर मग कागदांकडे वळावे.

कागद हा नदीहून खोल विषय! पुष्कळांची समजूत असते की घरपट्टीची पावती दाखविली म्हणजे मालकी सिद्ध झाली. ग्रामपंचायतीचा नमुना ८ हा कर आकारण्याचा कागद आहे, मालकीचा नव्हे. मालकी शोधावयाची तर गावठाणात मिळकत पत्रिका पाहावी. ड्रोनने गावठाणांची मोजणी करण्याची स्वामित्व योजना २०२० मध्ये सुरू झाली, त्यामुळे पुष्कळ गावांत या पत्रिका आता निघाल्या आहेत. परंतु कोकणातली निम्मी मौज अशी की वाडीतली घरे गावठाणात नसतातच; ती शेतजमिनीच्या सर्व्हे नंबरात उभी असतात. तेथे पाहावयाचा तो सातबारा. आणि १९४८ च्या कूळकायद्याच्या कलम ६३ प्रमाणे, जो शेतकरी नाही त्याला परवानगीवाचून महाराष्ट्रात शेतजमीन विकत घेता येत नाही. ‘‘शेतकरी असल्याचा दाखला आम्ही मिळवून देऊ’’ असे कोणी कानात सांगू लागला तर आपली पिशवी उचलून सरळ एस.टी. स्थानक गाठावे. खोट्या दाखल्यावर घेतलेली जमीन सरकारजमा होऊ शकते, आणि दाखला देणारा तोवर दुसऱ्या गिऱ्हाइकाला नदी दाखवीत असतो.

सातबारा हाती आला की आधी नावे मोजावीत. आजोबांच्या नावावरची जमीन, त्यांना चार मुलगे, दोन मुली. त्यांची मुले कोणी डोंबिवलीत, कोणी बडोद्याला. एका एका उताऱ्यावर वीस-वीस, पंचवीस-पंचवीस नावे सापडतात. ‘‘बहिणींचे काही म्हणणे नाही हो’’ हे वाक्य तर प्रत्येक व्यवहारात ऐकू येते. बहिणींचे म्हणणे नसेल तर त्यांची सही असावी! १९५६ च्या वारसा कायद्याने मुलींना वडिलांच्या मिळकतीत हक्क दिला होताच. २००५ च्या दुरुस्तीने एकत्र कुटुंबाच्या मिळकतीतही त्या मुलग्यांच्या बरोबरीने आल्या. एकाच भावाचा हिस्सा स्वस्तात मिळतो म्हणून घेऊ जाल तर आणखी पंचाईत. कुटुंबाच्या अविभक्त राहत्या घरात परक्या खरेदीदाराला सामाईक ताबा मागण्याचा अधिकार नाही. म्हणजे पैसे देऊन आपण घर न घेता वाटणीचा दावा विकत घेतला, असे व्हावयाचे.

मग ‘इतर हक्क’ हा रकाना. तेथे सोसायटीचा बोजा, कुळाचे नाव, कलम ४३ चा शेरा, यांपैकी काय दडले आहे ते वकिलाकडून वाचवून घ्यावे. दुय्यम निबंधकाच्या कचेरीत मागील तीस वर्षांचा शोध घ्यावा आणि इसार देण्यापूर्वी भूमी अभिलेख खात्याची मोजणी मागावी. कोकणात गडग्याचा दगड बोलतो एक आणि नकाशा बोलतो दुसरे. भरतीचे पाणी काठाला लागत असेल तर किनारा नियमनाचे नियमही आडवे येतात. १९९१ पासून ते लागू आहेत, २०११ व २०१९ मध्ये बदलले आहेत. जुने घर उभे आहे म्हणून त्याच्या पुढ्यात नवी खोली बांधता येईलच असे नाही.

एवढे करून घर आपले झाले, तर त्याचा स्वभाव समजून घ्यावा. जांभ्याची भिंत आणि लाकडी वासे यांना माणसाचा वावर लागतो. दोन पावसाळे घर बंद राहिले की वाळवी रीपांवर चढते, माकडे कौले फोडतात आणि एका फुटक्या कौलातून सारी ओटी भिजते. दर वर्षी मिरगाच्या आधी कौले परतावी लागतात, आणि ते काम जाणणारे गडी आता वाडीत थोडे उरले आहेत. पुष्कळ घरांत दोन म्हातारी माणसे राहतात. बाकीच्यांनी मुंबई गाठली. आपण जी शांतता विकत घ्यावयास निघालो, ती त्यांच्या पोरांच्या जाण्याने झालेली आहे, हे विसरू नये.

म्हणून शेजार हाच या व्यवहारातला मोठा सौदा. आपल्या परड्यातून गेलेली पाखाडी बंद करून वर कुलूप लावणारा नवा मालक गावाला आवडत नाही. शिमग्याला पालखी दारी आली तर दार उघडे असावे. रात्री-अपरात्री जनावर चावले तर १०८ ची गाडी येईपर्यंत धावत येणारा शेजारीच असतो. सरकारी दवाखाना किती मैलांवर, तेथे सर्पदंशाची लस असते का, आणि पावसात वाटेतला साकव बुडतो का, हे ओटीची लांबी-रुंदी मोजण्यापूर्वी विचारावे. साठीनंतर माणसाला माडापेक्षा डॉक्टर जवळ हवा असतो.

हे वाचून कोणी आपला बेत रद्द करावा, असे नाही. उलट, ज्याला जावयाचे आहे त्याने प्रथम त्याच गावात एखादे घर भाड्याने घ्यावे आणि मृगापासून दिवाळीपर्यंत सपत्नीक राहून पाहावे. चार-चार दिवस वीज नसताना, कपडे वाळत नसताना आणि बाजारात फक्त सुकी मासळी मिळत असताना ज्यांचा संसार सुखाने झाला, त्यांनी खुशाल घर घ्यावे. खरेदीखतावर पत्नीचेही नाव घालावे. पुढच्या दिवाळीत त्यांच्या ओटीवर कंदील लागेल, शेजारची आजी फराळाचे ताट घेऊन येईल, आणि ओस पडत चाललेल्या वाडीत एक खिडकी तरी पुन्हा उजळेल.