‘आपण’ जाणार की ‘आम्ही’?

हदगावच्या बसस्थानकावर कुणी म्हणाले, ‘आपण उद्या नांदेडला जाणार’, तर ऐकणाऱ्याने पिशवी भरायला घ्यावी. ‘आम्ही उद्या नांदेडला जाणार’ म्हटले, तर त्याचा प्रवास तिथेच संपला. एवढ्याशा सर्वनामाने माणूस सोबत घेतला जातो किंवा वगळला जातो.

प्रमाण हिंदीत दोन्हींसाठी ‘हम’ चालतो. नांदेड जिल्ह्याच्या दक्षिणेला, देगलूर-बिलोलीकडे कानावर पडणाऱ्या तेलुगूत मात्र मराठीसारखीच जोडी आहे : ‘मनम’ म्हणजे ऐकणाऱ्यासकट आपण, ‘मेमु’ म्हणजे त्याला सोडून आम्ही. दखनीतही ‘हम’सोबत ‘अपन’ आहेच. शेजारच्या भाषांची देवघेव शब्दांवर थांबत नाही, ती व्याकरणातही उतरते.

भाषा ही चिन्हांची व्यवस्था आहे, असे स्विस अभ्यासक फर्दिनाँ द सोस्यूर यांनी मांडले. जिनिव्हातली त्यांची व्याख्याने निधनानंतर, १९१६ मध्ये, विद्यार्थ्यांच्या टिपणांवरून ग्रंथरूपात आली. चिन्हाला दोन अंगे असतात : ऐकू येणारे रूप आणि त्याने मनात उभी राहणारी कल्पना. दोहोंचे नाते रूढीने जुळते. मराठीतले ‘मीठ’ तेलुगूत ‘उप्पु’ होते. खारटपणा दोन्ही शब्दांत नाही. शिवाय चिन्हाला किंमत येते ती इतर चिन्हांमुळे. शेजारी ‘आपण’ आहे, म्हणूनच ‘आम्ही’ इतका नेमका.

ध्वनींचेही तसेच. काल-काळ, माल-माळ, वेल-वेळ : ‘ल’च्या जागी ‘ळ’ आला की अर्थ पालटतो. ध्वनींच्या अशा अभ्यासाची ओळख मराठी वाचकांना ना. गो. कालेलकरांच्या ‘ध्वनिविचार’ने करून दिली.

हदगावहून पैनगंगा ओलांडली की वऱ्हाडीचा मुलूख लागतो. तिथे ‘डोळा’चा ‘डोया’ होतो, ‘केळी’ची ‘केयी’. पुस्तकी मराठीला सरावलेल्या कानाला ही चूक वाटते. पण बोलणारा हाती लागेल तिथे ‘य’ घालत नाही. ‘ळ’चा ‘य’ होतो. ‘वेल’चा ‘वेय’ होत नाही. म्हणजे इथे नियम आहे, आणि लहान मूलही तो कुणी न शिकवता पाळते.

अशा मुलाच्या वहीवर ‘अशुद्ध’ असा शेरा मारला, तर त्याला येत असलेली गोष्टच आपण नाकारतो. त्यापेक्षा फळ्यावर दोन रकाने आखावेत. एकात घरचे डोया, केयी, पिवया. दुसऱ्यात पुस्तकातले डोळा, केळी, पिवळा. दोन्हींमधला नियम कोणता, हे वर्गालाच विचारावे. मुले तो शोधून काढतील, आणि भाषाशास्त्राचा पहिला धडा त्यांच्याच बोलीतून गिरवला जाईल.